छातीतली हवा आणि गुरुवारचा नेम

डॉक्टरांनी क्षय हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच पाहत होते.

ही गोष्ट नागपूर राजधानी होती त्या वेळची, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची. लढाई नुकतीच संपली होती आणि कापड अजून रेशनवर मिळत होतं. आम्ही नांदुऱ्याला राहत होतो. हे एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. घरात सासूबाई, हे आणि मी. मूलबाळ नव्हतं. मी सत्तावीस वर्षांची होते.

इतक्या वर्षांनी हे लिहायचं कारण असं की आमच्या नात्यातल्या एका मुलीला परवा तोच आजार निघाला. आता गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, माणूस कामधंदा करत बरं होतं. तरी तिच्या आईने ती बातमी मला कानात सांगितली. घरात आम्ही दोघीच होतो, तरी कानात. औषधांविषयी मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मी सांगणार आहे ते लपवण्याविषयी. त्यातलं मला पुष्कळ कळतं.

धूर

आमच्या भागात लग्न म्हटलं की मांडे आले. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि खाली लाकडं पेटवायची. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तसाच खापरावर टाकायचा. फार ताणला तर फाटतो, भ्यालात तर जाड राहतो. आमच्या बाजूला हे नीट जमणाऱ्या तिघीच होत्या. त्यातल्या दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि तिसरी मी. लग्नाची अक्षत घरी यायच्या आधी मला बोलावणं यायचं. माझ्यापाशी रूप नव्हतं, मूल नव्हतं, माहेरची श्रीमंती नव्हती. मांडे होते. त्याचा मला चांगलाच तोरा होता, हे कबूल केलेलं बरं.

खापरापुढे बसलेली प्रत्येक बाई खोकते. त्यामुळे माझा खोकला आठ महिने धुराच्या नावावर खपला. संध्याकाळचा ताप चुलीच्या आगीवर गेला आणि उतरलेलं वजन लगीनसराईच्या कामावर. एकदा मोरीपाशी खोकले तेव्हा लाल पडलं. मी त्यावर राख टाकली आणि भांडी घासायला घेतली.

मग इलाज सुरू झाले. वैद्यबुवांचा अडुळशाचा काढा झाला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेवटी हे मला गावातल्या हकीमसाहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ नाडी धरली, मग मला बाहेर बसवलं आणि यांना म्हणाले, "फिटरभाई, ये अपने बस का नहीं. अकोले ले जाव. और सुनो, मेरे पास फिर मत लाना. दरवाजे पे दस लोग बैठते हैं, सब देखते हैं."

त्यानंतर वाटेत भेटले तरी हकीमसाहेब आमच्याकडे नजर वळवत नसत. गावात आमच्यावर झालेला हा पहिला उपकार.

सहा खाटा

अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. "वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहिलात तर उत्तम. नाहीतर इथे छातीत सुईने हवा भरू. हवेने आजारी फुफ्फुस दबून राहतं, त्याची हालचाल थांबते आणि जखम भरते. आधी सहा आठवडे इथे झोपून राहायचं आणि पुढे दर पंधरा दिवसांनी हवा भरायला यायचं. तीन वर्षं तरी."

"वर्षभर बाई दिसली नाई तं गावाले काय सांगू?" यांनी विचारलं.

"बायको आजारी आहे, असं सांगा."

यांना वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. आम्ही हवा निवडली. कोणती वाट जास्त गुणाची आहे हे आम्ही विचारलंच नाही. कोणती झाकता येईल एवढंच पाहिलं.

पहिल्या सुईच्या वेळी मी दातखीळ बसल्यासारखी पडून होते. सुई फासळ्यांमधून जाते तेव्हा टोचतं, पण हवा जाताना दुखते ती छाती नव्हे, खांदा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मला वाटलं सुई चुकली आणि मी मेले. ज्यांच्यावर कधी वेळ येईल त्यांनी लक्षात ठेवावं, खांदा दुखला म्हणून कुणी मरत नाही.

बाकी दिवस एकासारखा एक. पहाटे ताप मोजायचा, दूध घ्यायचं, झाकणाच्या डब्यात थुंकायचं, दुपारी दोन तास गप्प पडून राहायचं. अंडीही खाल्ली. सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि सहा थापा. एक बाई घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे काशीला गेली होती. एक बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि तिचा मुक्काम इतका लांबला की गावातले लोक दुसऱ्या बाळंतपणाची चौकशी करायला लागले. माझी थाप साधी होती. चिखलीला माझ्या आईचा पाय मोडला होता आणि मी तिची सेवा करत होते. पुढे आई खरोखर नांदुऱ्याला आली तेव्हा मोटारीतून उतरल्यापासून लंगडली. दोन दिवस तिने इमानाने लंगडून दाखवलं, तिसऱ्या दिवशी तिने चुकून पाय बदलला. ते सासूबाईंशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

काशीवाली बाई पाचव्या आठवड्यात गेली. तिचा भाऊ गाठोडं न्यायला आला होता. नर्सने विचारलं, आता घरी काय सांगणार? तो म्हणाला, "काशीतच गेली म्हनू. लोक पुन्यवान म्हनतीन." त्या दिवशी आम्ही पाचजणींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

नेमाचं ताट

घरी आले तेव्हा पंधरा दिवसांनी पुन्हा अकोल्याला कोणत्या निमित्ताने जायचं, हा प्रश्न होता. आईचा पाय दर पंधरा दिवसांनी मोडणं शक्य नव्हतं. तोड सासूबाईंनी काढली.

"एका गुरुवाराआड शेगावचा नेम बोलली म्हना," त्या म्हणाल्या. "गाडी तिकूनच तं जाते. कोनी पुसनार नाई."

सासूबाई निरक्षर होत्या, पण एवढं डोकं आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं. कारण डॉक्टरांनी घातलेलं एकूण एक पथ्य त्या नेमात बसलं. ताट-वाटी वेगळी, नेम आहे. अंथरूण वेगळं, नेम आहे. दुपारी बोलायचं नाही, मौन आहे. धुराजवळ बसायचं नाही, तर नेम पुरा होईपर्यंत खापराला हात लावायचा नाही. क्षयाचं म्हणून ताट वेगळं असतं तर तो विटाळ ठरला असता. नेमाचं म्हणून वेगळं होतं, तर ते सोवळं झालं. ताट तेच, पितळेचं, काठाला पोचा आलेलं.

ते ताट सासूबाई रोज स्वतः उकळत्या पाण्याने धूत. मला धुऊ देत नसत. आणि इतक्या वर्षांत त्या माझ्यापासून दोन हातांच्या आत कधी बसल्या नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्यांच्यावर चिडतही असे आणि त्यांच्याशिवाय जगलेही नसते.

गाडी शेगावला थांबली की मी खिडकीतूनच हात जोडी. हे फलाटावरून फुटाणे-साखरेचा प्रसाद घेत आणि आम्ही पुढे अकोल्याला जात असू. शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या बाया दर्शनाहून आलेलीच्या पाया पडायला येत. आपल्याकडे तशी रीतच आहे, त्यात वय पाहत नाहीत. प्रसाद मात्र सासूबाई स्वतःच्या हाताने वाटत. मी धास्तीने डॉक्टरांना विचारलं होतं. थुंकी आता स्वच्छ आहे, तोंडावर पदर धरत जा, असं ते म्हणाले होते.

पहिल्यांदा पाया पडून घेताना मला घाम फुटला. चौथ्या-पाचव्या वेळी सवय झाली. लिहायला लाज वाटते, पण पुढे मला ते आवडायला लागलं. अंगावर मांस चढलं, चेहरा उजळला. बाया म्हणत, दुर्गेचा, म्हणजे माझा, खोकला गुरुवारांनी पळवला. त्यात सगळ्यात मोठा आवाज शेजारच्या सुभद्राकाकूंचा. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पण पायांवर डोकं टेकायच्या ते पार जमिनीला लावून.

"तुहा नेम होऊ दे पुरा," त्या म्हणायच्या, "मंग मायी पोरगी तुह्याच मांड्यावर उजवतो."

मीही त्याचीच वाट पाहत होते.

चंद्रा

दोन वर्षं अशी निभावली. मग सुभद्राकाकूंच्या घरात खोकला सुरू झाला.

त्यांची सून चंद्रा, अठरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. ती तोंडात पदर कोंबून खोकते आहे, हे मला आवाजावरून कळायचं. एक दिवस काकू तिला घेऊन आल्या.

"हिले बी तुह्यासंग नेमाले घे. तुहा गेला तसा हिचा बी जाईन खोकला."

"काकू, आधी डॉक्टरले दाखवून घ्या ना."

"तू कोन्या डॉक्टरले दाखवलं होतं?"

याला माझ्यापाशी उत्तर होतं. मी दिलं नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी निघालो. यांचा जिनातला हंगाम सुरू होता, म्हणून हे आले नाहीत. शेगावला दोघींबरोबर मलाही उतरावं लागलं. दोन वर्षं नेम चालवून मी त्या दिवशी पहिल्यांदा देवळाची पायरी चढले. हवा भरायची राहिली. रांगेत चंद्राला ढास लागली. तिने पदर तोंडाला लावला, काढला, ओली बाजू आत दुमडली आणि कमरेला खोचून टाकली. ती घडी मला ओळखीची होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू गप ऱ्हाय. त्याईची सून, थे पाह्यतीन. तुहं तोंड उघडलं तं आपल्या दारात कुत्रं यायचं नाई." यांना विचारलं, तर हे म्हणाले, तू म्हणशील तसं. त्या वेळी मला स्पष्ट नको म्हणणारा नवरा जास्त सोयीचा पडला असता.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगते. मला श्वास मोकळा यायला लागला. पायऱ्या चढताना लागणारी धाप कमी झाली. ज्यांनी हवा भरून घेतली आहे त्यांना याचा अर्थ कळेल. छातीतली हवा विरत चालली होती आणि दाबून ठेवलेलं फुफ्फुस पुन्हा उघडत होतं. बरं वाटणं ही वाईट खूण होती. आणि भिंतीपलीकडे ती पोरगी खोकत होती, माझ्यासारखं बरं व्हायचं म्हणून दिवसाआड उपास करत होती. क्षयाच्या रोग्याने उपास करायचे, आणि तेही माझ्याकडे पाहून.

वाचणाऱ्याला वाटेल, एका पोरीच्या जिवापुढे मांडे ते काय आणि पाया पडणं ते काय. मला तेव्हा ते इतकं सोपं वाटलं नाही. मी रोज ठरवत होते की बोलायचं नाही.

शेगाव स्टेशन

पुन्हा गुरुवार आला. डब्यात काकू खिडकीपाशी, मांडीवर नेमाचा नारळ. मध्ये चंद्रा, कडेला मी. जलंब गेलं. शेगाव आलं तशा काकू उठल्या.

"चला वं, उतरा."

मी चंद्राचं मनगट धरलं. ते चांगलंच कढत होतं. ठरवलं ते सगळं त्या मनगटाने मोडलं.

"बसा काकू. आपल्याले पुढं जायचं हाय."

"पुढं कायले? आरती हुकीन ना!"

"बसा म्हनते ना."

काकू दारापर्यंत गेल्या, पण सुनेला टाकून उतरता येईना. गार्डाची शिट्टी झाली, गाडी हलली आणि त्या धप्पकन बाकावर बसल्या. मग मी सांगितलं. एकदा सुरू केल्यावर थांबले नाही. मला क्षय आहे, दोन वर्षांपासून. मागच्या खेपेआधी शेगावला मी कधी उतरलेच नव्हते. अकोल्याला जाते, तिथे छातीत हवा भरतात. नेम सासूबाईंनी काढला. आईचा पायही मोडला नव्हता. आणि चंद्राला तेच झालंय, असं मला वाटतं.

काकूंनी लुगडं गोळा केलं आणि समोरच्या बाकाच्या पार टोकाला जाऊन बसल्या. एक स्टेशन गेलं.

"दोन वर्सं पाया पडली मी तुह्या," शेवटी म्हणाल्या.

"हाव."

"परसाद खाल्ला."

"थो सासूबाईच्या हातचा होता."

"अन् कुठचा होता थो?"

"फलाटावरचा."

काकू खिडकीबाहेर पाहायला लागल्या. तेवढ्यात चंद्रा बोलली. दोन प्रवासांत ती माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"वहिनी, मंग तुम्ही जित्या कशा?"

मला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "आमच्या गावात तिघाईले झालता. तिघं बी मेले. हे झालं का मानूस मरतेच ना? मले माईत होतं मले काय झालं थे. म्हनून तं मी सांगून नाई राह्यली कोनाले."

म्हणजे तिला कळलं होतं. ती नेमाला बरी व्हायला येत नव्हती. मरायच्या आधी घरच्यांचं मन राखायला येत होती.

त्यावर मी किती वर्षं विचार केलाय. जे मेले त्यांची तिरडी निघाली, म्हणून ते गावाला कळले. जे जगले ते काशीला गेले, बाळंतपणाला गेले, शेगावला गेले. बरी झालेली बाई चंद्राने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, भिंतीला भिंत लागून राहत होती, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुहा हात दे," मी म्हटलं आणि तिचा हात माझ्या बरगडीवर ठेवला, सुया टोचून टोचून जिथे खडबडीत झालंय तिथे. "हे पाह्य. इथून भरतेत."

ती अकोला येईपर्यंत हात काढायला तयार नव्हती.

अकोल्याला स्टेशनच्या फाटकावर त्या दोघींच्या शेगावपुढच्या तिकिटाचे पैसे भरले. दवाखान्यात डॉक्टर मला वाट्टेल ते बोलले. एक खेप चुकवली, महिनाभर हवा नाही, आणखी थोडा उशीर झाला असता तर फुफ्फुस चिकटून बसलं असतं आणि सगळा इलाज फुकट गेला असता. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी चंद्राला यंत्राच्या पडद्यामागे उभं करून पाहिलं. एकच बाजू बिघडली होती. हवा भरता येणार होती.

काकू बाहेर पायरीवर बसून होत्या. नेमाचा नारळ परत घरी नेता येत नाही. त्यांनी तो दवाखान्याच्या पायरीवर फोडला. आवाजाने डॉक्टर बाहेर आले. काकूंनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "वाचीन ना हो पोरगी?"

"वेळेवर आणलीत," डॉक्टर म्हणाले.

गल्ली

परतीच्या गाडीत काकूंनी त्या फोडलेल्या नारळाची आण घेतली होती की कुणाला सांगणार नाही. शनिवारपर्यंत गल्लीला कळलं.

कळलं ते माझं. विहिरीवर मी गेले की घागरी सरकायच्या. संक्रांतीचं वाण आलं नाही. माझ्या पाया पडलेल्या बायांनी म्हणे अंघोळी केल्या, दोन वर्षांच्या एकदम. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ताट उकळत्या पाण्याने धुतलं जायचं ते चुकलं नाही. जिनात यांच्या शेजारी कुणी डबा सोडेना. त्यावर हे मला एवढंच म्हणाले, "निवांत जेवन होते."

आणि चंद्रा? सांगायला चंद्रा दीड महिना माहेरी होती. परत आली तेव्हा काकूंनी दारोदार सांगितलं की सुनेने नेम धरलाय, एका गुरुवाराआड, शेगावचा.

हे ऐकून मी इतकी हसले की छाती धरून खाली बसावं लागलं. शुक्रवारी सकाळी बाया चंद्राच्या पाया पडायला जायच्या आणि जाताना माझ्या दाराकडे पाठ करायच्या. आम्ही दोघी एकाच गाडीने आलेल्या, एकाच सुईची हवा दोघींच्या छातीत. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. बोलले नाही. मोठ्या मनाने वगैरे नाही. नेम बुडाला तर तिचं अकोलं बुडेल, एवढंच मला कळत होतं. माझ्याविषयी बोलायचा हक्क माझा होता, तिच्याविषयी बोलायचा नव्हता.

काकूंनी तिला बजावलं होतं की दुर्गेजवळ बसायचं नाही. म्हणून नांदुऱ्याला ती वेगळ्या डब्यात चढायची. जलंबला गाडी थांबली की खाली उतरून पळत माझ्या डब्यात यायची. पुढे पुढे तिला पळताना धाप लागेनाशी झाली आणि मी तिला रागवायची, पळू नको म्हणून. जलंब ते अकोला आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या बोलायचो. तेवढं एक त्या वर्षांतलं मला मनापासून आठवतं.

काकूंच्या मुलीचं लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं. मांडे दुसऱ्या कुणी तरी केले आणि निम्मे फाटले, असं भिंतीपलीकडून ऐकू आलं. मला आनंद झाला. झाला तो झाला.

वर्षभराने माझी हवा बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता यायचं कारण नाही. मी तरी चंद्राबरोबर जात राहिले, तिची हवा बंद होईपर्यंत.

हे सगळं चंद्राला विचारून लिहिलंय. गल्लीच्या लेखी ती अजून गुरुवारांनीच बरी झालेली आहे. "लिवा," ती म्हणाली, "आता सासू बी नाई अन् ते बाया बी नाईत."

उद्यापन

नेम पुरा झाला की उद्यापन करावं लागतं. चंद्राच्या नेमाचंही करावं लागणार होतं, नाहीतर गल्लीने विचारलं असतं. एका दुपारी सुभद्राकाकू आमच्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. आत आल्या नाहीत.

"अकरा सवासनी जेवू घालाच्या हायेत. मांडे पाह्यजेत."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मांगच्या परसात खापर लावून देतो. तू कर. कोन केले थे कोनाले सांगनार नाई मी."

"करीन," मी म्हटलं. "पन वाढीन बी मीच."

"बाया उठतीन व."

"उठू द्या."

काकू आल्या तशा गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून गहू आले, सपीट काढायला.

धुरापुढे बसायला डॉक्टरांना मी विचारलं नाही. हे कुणी करू नये, मी केलं. पहिला मांडा हातावरच फाटला, दुसरा खापरावर. तिसऱ्यापासून हातांना आठवायला लागलं. चंद्रा दोनदा दारात येऊन पाहून गेली.

पंगत बसली. मी मांड्यांची टोपली घेऊन बाहेर आले तशी बोलणी थांबली. एकीने मूल रडतंय म्हणून पत्रावळ सरकवली आणि उठली. मूल रडल्याचं कुणाला ऐकू आलं नव्हतं. तिच्या मागून आणखी एक उठली. बाकीच्या काकूंकडे पाहत होत्या. मी टोपली घेऊन उभी. त्या क्षणी मला वाटलं, परत जावं, तीन वर्षं गेली तशी उरलेलीही जातील.

घरची बाई पंगतीला शेवटी बसते. काकूंनी उठून गेलेल्या बाईची पत्रावळ ओढली आणि चंद्राशेजारी मांडी घालून बसल्या.

"वाढ व दुर्गे," त्या म्हणाल्या.

मी वाढला. त्यांनी मोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला. सगळ्या पाहत होत्या. खाऊन झाल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"जाड राह्यला," काकू म्हणाल्या. "सवय मोडली तुही. दुसरा आन."

दुसरी टोपली आणायला मी आत गेले आणि खापरापुढे उभी राहून पोटभर रडले. कुणी विचारलंच असतं, तर सांगायला धूर होता.